"बाबा, तू बघितलंच नाहीस"

पत्र एका वडिलांचे आहे. त्यांना अकरा वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी आहे. गेली कित्येक वर्षे सुट्टीच्या दिवशी हे कुटुंब घराजवळच्या त्याच तीन ठिकाणी आलटून पालटून फिरायला जाते: एक जुनी बाग, एक तळे आणि एक लहानशी टेकडी. वडील लिहितात की या जागांचा त्यांना आता मनापासून कंटाळा आला आहे. मुलगा "शंभर वेळा बघून झालंय, त्यात काय बघायचं" असे म्हणत पुढे निघून जातो. धाकटी मात्र दर वेळी पहिल्यांदाच आल्यासारखी वागते. तळ्याच्या वाटेवर मुंग्यांची रांग दिसली की ती तिथेच बसते आणि तळे राहूनच जाते. संध्याकाळी टेकडी उतरताना चंद्र दिसला की तो आपल्यामागे का येतो, हे ती न चुकता विचारते. आजीचे म्हणणे असे की मुलांना तेच ते दाखवून काय मिळणार, त्यांना काहीतरी भव्य दाखवायला न्यावे.

गेल्या महिन्यात बागेत मुलीने झाडाखालच्या उन्हाच्या एका कवडशावर हात ठेवला आणि विचारले, "मी याला झाकलं, तर हा माझ्या हातावर कसा आला?" वडील मोबाइलमध्ये पाहत होते. ते "अरे वा, छान!" म्हणाले. त्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, तू बघितलंच नाहीस." त्यानंतर ते दोनदा बागेत गेले आणि दोन्ही वेळा तिने त्यांना काहीही दाखवले नाही. त्यांचे प्रश्न तीन आहेत. नवी ठिकाणे शोधावीत का? जे आश्चर्य मला वाटत नाही, ते वाटल्याचे दाखवणे बरोबर आहे का? आणि मुलाचे कुतूहल जसे मावळले तसे मुलीचेही मावळणार असेल, तर ते कसे थांबवावे?

तुमच्या पत्रात शब्दांत न मांडलेले एक चित्र आहे, आणि मला वाटते तुमची अडचण तिथून सुरू होते. कुतूहल ही जणू घरातली एक नाजूक ठेव आहे. ती तुमच्या हातून कधीच निसटली, मुलाने ती अलीकडे गमावली, आता ती फक्त मुलीकडे उरली आहे आणि ती जपण्याची जबाबदारी तुमच्यावर आली आहे, असे ते चित्र. ते इतके लोभस आहे की त्यावर शंका घेणे कठोरपणाचे वाटावे. तरीही ती घ्यायला हवी, कारण या चित्रापायी तुम्ही स्वतःला अपराधी ठरवता, मुलाला नापास करता आणि मुलीने सतत नवल करत राहावे अशी अपेक्षा नकळत तिच्यावर लादता.

आधी तुमच्या कंटाळ्याविषयी बोलू, कारण त्याची तुम्हाला फार लाज वाटते आहे. परिचित गोष्टीकडचे लक्ष कमी होणे हा मोठेपणी जडणारा दोष नाही. १९६४ साली रॉबर्ट फँट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तान्ह्या बाळांना चित्रांच्या जोड्या दाखवल्या. जोडीतले एक चित्र दर वेळी तेच असे आणि दुसरे दर वेळी नवे. दोन महिन्यांहून मोठ्या बाळांची नजर हळूहळू त्या नेहमीच्या चित्रावरून उडाली आणि नव्याकडे वळू लागली. म्हणजे ज्यांना अजून मान नीट सावरता येत नाही, तेही सरावतात आणि कंटाळतात. मेंदूची ही काटकसर आहे आणि ती आवश्यक आहे. रोज जिना चढताना प्रत्येक पायरीचे नवल वाटत राहिले असते, तर कोणीही वेळेवर घरी पोहोचले नसते. तेव्हा तळ्याकाठी तुम्हाला जांभई येते यात तुमच्या स्वभावातले काही हरवल्याचा पुरावा शोधू नका. एखाद्या तळ्याकाठी अर्धा तास बसल्यावर मलाही घड्याळाची आठवण होते.

मग तीच बाग पाच वर्षांच्या मुलीला नवी कशी वाटते? माझे उत्तर असे आहे की बाग नवी नसली, तरी मुलगी नवी असते. या वयात मुले वर्षाला साधारण ५ ते ७ सेंटिमीटर वाढतात. मागच्या पावसाळ्यात जे कुंपण तिच्या नजरेच्या आड येत होते, त्यावरून आज तिला पलीकडचे दिसते. तिचे डोळे जमिनीपासून जेमतेम एक मीटर उंचीवर आहेत, त्यामुळे मुंग्या, मुळे, दगडाखालची ओल आणि पानांची मागची बाजू हे सारे तुमच्यापेक्षा तिच्या कितीतरी जवळ आहे. उंचीपेक्षाही मोठा फरक आतला असतो. वर्षापूर्वी तिला वीसच्या पुढे मोजता येत नसेल, तर मुंग्या किती आहेत हा प्रश्न तिला पडूच शकत नव्हता. "झाकणे" या शब्दाचा अर्थ पक्का झाल्याखेरीज झाकलेली वस्तू वर कशी आली, असा पेच निर्माण होत नाही. तिने विचारलेला कवडशाचा प्रश्न तिला सहा महिन्यांपूर्वी विचारता आला नसता, आणि तो सुचण्यासाठी तिला नव्या बागेची गरज पडली नाही.

किंबहुना जुनी बाग तिच्या उपयोगाची होती. मुलांची उंची भिंतीवर पेन्सिलीच्या रेघांनी नोंदवायची, तर भिंत तीच असावी लागते. दर वेळी वेगळ्या भिंतीवर रेघ ओढली तर वाढ कळणार नाही. ओळखीची जागा मुलासाठी अशा भिंतीचे काम करते. झाडाचे पान गळले, तळ्याचे पाणी खाली गेले, टेकडीवरचा दगड सरकला, हे त्यालाच कळते ज्याला आधी ते कसे होते हे माहीत आहे. पुनरावृत्तीतून मुले काय मिळवतात याचा एक चांगला दाखला गोष्टींच्या बाबतीत मिळतो. २०११ साली जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांच्या दोन गटांना नवे शब्द असलेल्या गोष्टी वाचून दाखवल्या. एका गटाने तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली, तर दुसऱ्याने वेगवेगळ्या गोष्टी ऐकल्या. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानांवर सारख्याच वेळा पडले होते, तरी ते अधिक चांगले शिकला तो तीच गोष्ट पुन्हा ऐकणारा गट. गोष्ट पाठ असली की तिच्यातल्या बारकाव्यांकडे लक्ष द्यायला मन मोकळे होते, असे यावरून समजता येते. बागेला हेच तंतोतंत लागू पडते असा माझा दावा नाही, पण "तेच ते दाखवून काय मिळणार" या आजींच्या प्रश्नाला हे निदान अर्धे उत्तर आहे.

तळे राहून जाते आणि मुंग्यांतच वेळ जातो, ही तुमची तक्रार मला विशेष महत्त्वाची वाटली, कारण तिच्यात आणखी एक गृहीतक दडलेले आहे. तुम्ही तळे बघायला निघालेले असता. मोठ्या माणसाच्या मनात सहलीला एक उद्दिष्ट असते आणि त्या उद्दिष्टाच्या वाटेत जे येते ते "वाटेतले" ठरते. लहान मुलाच्या मनात ही वर्गवारी अजून कच्ची असते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डॅनियल प्लेबानेक आणि व्लादिमीर स्लाउत्स्की यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना आणि प्रौढांना एकमेकांवर रेखलेल्या दोन आकृत्या दाखवल्या, एक लाल आणि एक हिरवी, आणि त्यांतल्या एकाच रंगाकडे लक्ष द्यायला सांगितले. सांगितलेल्या आकृतीतला बदल ओळखण्यात प्रौढ पुढे होते: त्यांचे प्रमाण ९४ टक्के, मुलांचे ८६. पण ज्या आकृतीकडे लक्ष द्यायला सांगितलेच नव्हते, तिच्यातला बदल ७७ टक्के वेळा मुलांनी ओळखला आणि प्रौढांनी ६३ टक्के वेळाच. तुमचे तळे ही सांगितलेली आकृती आहे आणि मुंग्या ही न सांगितलेली. मुलीचे लक्ष भरकटते असे तुम्ही म्हणता, तेव्हा ते अजून एकाच गोष्टीला जखडलेले नाही, एवढेच खरे असते. ही स्थिती कायम टिकावी असेही मला वाटत नाही. पुढे तिला रस्ता ओलांडायचा आहे, गणिते सोडवायची आहेत, दुसऱ्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकायचे आहे. त्यासाठी नको ते वगळायला शिकावेच लागते.

मात्र प्रत्येक थांबणे म्हणजे नवल नव्हे, हेही येथेच सांगून टाकतो, कारण मुलांच्या कुतूहलाचे कौतुक करणारी मंडळी ते सांगायला विसरतात. मूल थांबते ते कधी पाय दुखले म्हणून, कधी घरी जायचे नाही म्हणून आणि कधी भावाकडे गेलेले लक्ष आपल्याकडे वळावे म्हणून. फरक ओळखण्याची एक साधी खूण आहे: तिची नजर कुठे आहे ते पाहा. ती वस्तूवर खिळलेली असेल, मधूनच तुमच्याकडे वळून पुन्हा वस्तूकडे जात असेल, तर तिचे काम चालू आहे. ती फक्त तुमच्याकडे पाहत असेल, तर मुंग्यांना मध्ये न आणता तिला उचलून घ्या किंवा थोडा वेळ बसू द्या.

नव्या ठिकाणांविषयी माझे मत थोडक्यात सांगतो. जरूर जा. तुम्हाला हवे आहे म्हणून जा, मुलाला हवे आहे म्हणून जा, आजींना काही भव्य पाहायचे आहे म्हणूनही जा. फक्त मुलीच्या कुतूहलावरचा उपाय म्हणून जाऊ नका, आणि तिथे पोहोचल्यावर ती त्या भव्य वास्तूकडे पाठ करून तिकीट खिडकीजवळच्या मांजराशी खेळत बसली तर खट्टू होऊ नका. अनोळखी जागेत लहान मुलाची बरीच शक्ती आपण कुठे आहोत आणि आपली माणसे कुठे आहेत हे सांभाळण्यात जाते. त्यामुळे नव्या जागेतला पहिला तास बुजण्यात गेला, तर त्याला नाराजी समजू नये. जमल्यास त्याच नव्या जागी पुन्हा एकदा जावे. मुले खरी उलगडतात ती बहुधा दुसऱ्या खेपेला.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही विचारता की न वाटलेले आश्चर्य दाखवावे का. मुलीने तुम्हाला नेमके काय सुनावले, ते पुन्हा वाचा. "तुला नवल वाटलं नाही," असे ती म्हणाली नाही. "तू बघितलंच नाहीस," असे ती म्हणाली. साधारण पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास मुले बोटाने वस्तू दाखवू लागतात, आणि ती दाखवताना वस्तूकडे, मग आपल्या चेहऱ्याकडे, मग पुन्हा वस्तूकडे पाहतात. त्यांना वस्तू हवी असते असे नाही. आपण जे पाहतो आहोत ते समोरचाही पाहतो आहे ना, याची ती खातरजमा असते. तुमची मुलगी चार वर्षे हेच करत आली आहे. तिच्या हिशेबात तुमच्या भावना दुय्यम आहेत आणि तुमचे डोळे मुख्य. "अरे वा" हे उत्तर तिला खोटे वाटले नसेल. ते चुकीच्या प्रश्नाचे उत्तर वाटले असेल.

म्हणून नाटकाची गरज नाही, असे मी सांगेन, आणि त्याऐवजी अधिक सोपी पण थोडी अधिक खर्चिक गोष्ट सुचवेन: खाली बसा आणि पाहा. काही सुचले नाही तर जे दिसते तेवढेच बोला, "ही मुंगी थांबली, तिने दुसरीला स्पर्श केला." कंटाळा आलेला असेल तर तेही प्रामाणिकपणे सांगता येते: "मी दमलोय, पण पाच मिनिटं तुझ्याबरोबर बघतो, मग त्या बाकावर बसेन." पाच वर्षांचे मूल हे समजू शकते, आणि पाच मिनिटांचे खरे पाहणे अर्ध्या तासाच्या हुंकारांपेक्षा त्याला पुरते. फोनबद्दल मी प्रवचन देणार नाही. केवळ एक नोंद करतो, कारण आठवण जपण्यासाठी फोन लागतो असे अनेक पालक कळवतात. २०१४ साली लिंडा हेंकेल यांच्या प्रयोगात संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी छायाचित्र काढले, त्या वस्तू त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या; मात्र वस्तूचा एखादा भाग जवळ आणून टिपला, तेव्हा ही घट दिसली नाही. तेव्हा छायाचित्र काढायचेच तर तिला विचारून काढा की कोणता भाग जवळून घेऊ.

चंद्राचा प्रश्न ती दर वेळी विचारते, यावर तुम्ही लिहिले आहे की तिला उत्तर नको असते, फक्त विचारायचे असते. याविषयी मला शंका आहे. तुम्ही तिला आजवर काय उत्तर दिलेत, ते पत्रात नाही. ब्रँडी फ्रेझियर, सुसान गेलमन आणि हेन्री वेलमन यांच्या २००९ सालच्या अभ्यासात असे दिसले की शाळापूर्व वयाच्या मुलांना "का" या प्रश्नावर कारण सांगितले, तर ती मान्य करतात किंवा पुढचा प्रश्न विचारतात. पण कारण न देता काहीतरी बोलून वेळ मारून नेली, तर ती तोच प्रश्न पुन्हा विचारतात किंवा स्वतःच एखादे कारण रचतात. "तो तुझा मित्र आहे म्हणून येतो," असे काही उत्तर तुम्ही दिले असेल, तर ते गोड असले तरी कारण नव्हे. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनीही मुलांशी बोलून टिपून ठेवले होते की चंद्र आपल्याबरोबर चालतो, असे बहुतेक लहान मुलांना खरेच वाटते. तुमची मुलगी "येतो का" असे न विचारता "का येतो" असे विचारते, म्हणजे तिने पुरावा गोळा केला आहे आणि तिला आता कारण हवे आहे. तिला टेकडीवरच दाखवा: चालताना जवळचे झुडूप भर्रकन मागे पडते, पलीकडचे झाड हळूहळू मागे पडते, आणि लांबची टेकडी जवळपास आपल्याबरोबरच राहते. जे जितके लांब, तितके ते मागे पडायला उशीर. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर लांब आहे, त्यामुळे तो मागे पडताना दिसतच नाही. आकडा तिला कळणार नाही, पण झुडूप, झाड आणि टेकडी यांची शर्यत कळेल. पुढच्या वेळी ती चंद्राविषयी वेगळा प्रश्न विचारील, असा माझा अंदाज आहे.

आता मुलगा. त्याच्यावर तुम्ही अन्याय करत आहात, असे मला स्पष्ट वाटते. पत्राच्या शेवटी, जणू तक्रारीत भर म्हणून, तुम्ही लिहिले आहे की हाच मुलगा घरी जुने बंद पडलेले घड्याळ उघडून तासन्तास बसतो आणि जेवायला हाक मारली तरी उठत नाही. कुतूहल मावळलेल्या मुलाचे हे लक्षण नाही. त्याचे नवल वस्तू दिसण्याकडून ती चालते कशी, याकडे सरकले आहे. बागेत मात्र त्याला कोणी काही उघडायला दिले नाही. तिथे त्याच्यासमोर धाकट्या बहिणीचे वय आहे, जे त्याने नुकतेच मागे टाकले आहे आणि ज्यात परत ढकलले जाण्याची त्याला धास्ती आहे. "त्यात काय बघायचं" या वाक्याचा अर्थ बहुधा "मी आता एवढा लहान नाही" असा असतो. त्याला बहिणीसमोर रागावलात, तर तो बाग टाळील आणि ती त्याच्याकडे पाहून गप्प राहायला शिकेल. घरी, एकट्याला, एवढेच सांगा की तुला कंटाळा येत असेल तर मला सांग, तिला सांगू नकोस.

आणि त्याला त्याच्या तोडीचे काम द्या. ते काम तुमच्या मुलीनेच शोधून ठेवले आहे, हे पाहून मला हसू आले. झाडाखालचे कवडसे नीट पाहिले आहेत का? पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, तिरप्या, त्रिकोणी, फाटक्या. पण जमिनीवर पडणारे कवडसे बहुतेक गोल किंवा लंबगोल असतात. का? ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका प्रश्नसंग्रहात हाच प्रश्न आहे, की चौकोनी भोकांतून येणारे ऊन गोल का पडते, आणि खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांनी १६०४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रकाशावरच्या ग्रंथात त्याचा नीट उलगडा केला. अधली जवळजवळ दोन हजार वर्षे माणसे झाडाखाली बसतच होती. उलगडा असा की फट लहान आणि जमीन पुरेशी दूर असेल, तर प्रत्येक कवडसा हे खुद्द सूर्याचे चित्र असते. सूर्य गोल, म्हणून कवडसा गोल. खंडग्रास सूर्यग्रहणात तेच कवडसे कोरीसारखे होतात आणि झाडाखालची सगळी जमीन चंद्रकोरींनी भरून जाते.

एवढे ऐकून अकरा वर्षांचा मुलगा "बरं" म्हणून निघून जाऊ शकतो, म्हणून त्याच्या हाती पट्टी द्या. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे आणि तो सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे, म्हणजे त्याचे अंतर त्याच्या व्यासाच्या १०८ पटींच्या आसपास आहे. कवडशालाही हेच प्रमाण लागू पडते. एक पांढरा कागद सूर्याकडे तोंड करून असा धरायचा की त्यावरचा कवडसा लांबट न होता गोल दिसेल, त्याची रुंदी मोजायची आणि तिला १०८ ने गुणायचे. ज्या फटीतून तो आला ती फट किती लांब आहे, याचा अंदाज मिळतो. ५ सेंटिमीटरचा कवडसा असेल तर फट साधारण साडेपाच मीटरवर आहे. झाडावर न चढता फांदीपर्यंतचे अंतर मोजता येते, ही गोष्ट घड्याळे उघडणाऱ्या मुलाला आवडू शकते. कागद धरायला त्याला दुसरा माणूस लागेल आणि बहीण जवळच असेल. पानांतून वर सूर्याकडे थेट पाहायचे नाही, एवढी ताकीद दोघांनाही आधी द्या.

हे काम देताना एक मोह टाळा. जो जास्त कवडसे मोजेल त्याला बक्षीस, अशी शर्यत लावू नका. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी ज्या मुलांना चित्रे काढणे मुळातच आवडत होते त्यांपैकी काहींना चित्र काढल्यास बक्षीस देऊ असे आधी सांगितले आणि ते दिले. पुढे मोकळ्या वेळात त्याच मुलांनी इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढली. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले, त्यांच्यात ही घट दिसली नाही. जे मूल आपणहून पाहते आहे, त्याला पाहण्याचा मोबदला देऊ नये. परतल्यावर "आज काय शिकलात" ही परीक्षाही घेऊ नका. रात्री सहज विचारायचेच असेल तर मागच्या वेळेपेक्षा आज काय वेगळे होते, एवढे विचारा, आणि तुम्हाला काय वेगळे दिसले ते आधी तुम्ही सांगा. पहिल्यांदा तुम्हाला काही सांगता येणार नाही. पुढच्या वेळी तुम्ही आपसूक काहीतरी हेरून ठेवाल.

ज्या वाचकांचे मूल कशापाशीच थांबत नाही, बागेत गेले तरी झोपाळ्याखेरीज काही मागत नाही, त्यांनी तुमचे पत्र वाचून धसका घेऊ नये. काही मुले पाहतात तेव्हा बोलत नाहीत, आणि आठ दिवसांनी आंघोळीच्या वेळी अचानक विचारतात की त्या झाडाला भोक का होते. काहींचे नवल हातापायांत असते. पन्नास झोके घेताना मागे जाताना पोटात काय होते याचाच ती अभ्यास करत असतात. त्यांना झोपाळ्यावरून उतरवून फुले दाखवायला नेऊ नका. आणि ज्या घरी आजी-आजोबा मुलांना फिरायला नेतात, तिथे वेग आपोआप जुळतो. दोघांनाही वारंवार थांबावे लागते, आणि त्या थांबण्यात पालकांनी घड्याळ घेऊन शिरू नये.

मुलीचे कुतूहल मावळेल का, हा तुमचा तिसरा प्रश्न. मुंग्यांपाशी बसणे संपेल, बहुधा सात-आठ वर्षांची होईपर्यंत. त्या जागी काय येईल ते आत्ता सांगता येत नाही, आणि ते येण्याआधी मध्ये काही काळ काहीच आले नाही असेही वाटू शकते. मुलाच्या बाबतीत तो काळ तुम्ही पाहिला, पण घड्याळ पाहिले नाही. एवढ्यापुरते दक्ष राहा.

सध्या मात्र तिच्या गप्प राहण्याकडे लक्ष द्यायला हवे, कारण दोन सुट्ट्या झाल्या आणि तिने तुम्हाला काही दाखवलेले नाही. नवी जागा, पट्टी, कागद हे सारे त्यानंतर. तिच्याजवळ जाऊन साध्या शब्दांत सांगा, "त्या दिवशी मी खरंच बघितलं नव्हतं." खुलासा करू नका, कामाचा फोन होता असेही सांगू नका. मग त्याच झाडाखाली जा आणि तिला विचारा की हात कसा ठेवला होता. ती लगेच दाखवील असे नाही. तोवर तुम्ही स्वतः कवडशावर हात ठेवून पाहा, आणि मग हात हळूहळू वर उचला. तो फटीच्या जवळ जाईल तसा कवडसा किंचित लहान होत जातो. हे तिने अजून पाहिलेले नसावे.